अबोल्याचा थर

"एकदा बंद केलं की घड्याळ बोलणार नाही. मागनं माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत, आधीच सांगते," पद्मजा मगदूम म्हणाली.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कोटिंगच्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवायची. समोर बसलेले मिरजेचे निवृत्त मास्तर मुकाट्यानं मान हलवत होते. त्यांच्या मांडीवर हातरुमालात गुंडाळलेलं बायकोचं घड्याळ होतं. काळंभोर, नाजूक. पट्ट्याला गेलेल्या बाईंच्या मनगटाचा बाक अजून तसाच होता.

"तसं बोलतंय कुठं आता," मास्तर म्हणाले. "मी घालून घालून माझंच मला ऐकू यायला लागलंय. उरलंय तेवढं तरी राहू दे."

"चढवूया मग अबोला," आतून तवनाप्पा म्हणाला.

तवनाप्पा हा भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस, आणि अबोला हा शब्दही त्याचाच. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या शेवटच्या कडक थराला 'संरक्षक अंतिम आवरण' असं भारदस्त नाव होतं. तवनाप्पानं ते एकदा नीट वाचलं, वर लावला की घड्याळ गप्प होतं एवढं समजून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे अबोला की." वसाहतीतल्या सगळ्या कोटिंगवाल्यांनी तोच शब्द उचलला. माहितीपत्रक कुठं गेलं कुणाला ठाऊक.

पद्मजानं हातमोजे चढवले. उजव्या हाताच्या अनामिकेवर विळीनं कापल्याचा आडवा वण होता, तिथं मोजा नेहमी अडकायचा. तिनं घड्याळ उचलून ट्रेमध्ये ठेवलं.

"तुमच्या मालकांचंबी होतं न्हवं असलं घड्याळ?" उठता उठता मास्तरांनी विचारलं. "ते बंद केलं असशीला की."

"करायचंय," ती म्हणाली आणि उगीचच ट्रे पुसायला लागली. भट्टी तिची, माणसं तिची, गावभरची घड्याळं ती बंद करून देणार आणि घरचं मात्र उघडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता हे बोलणारं घड्याळ म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं.

घड्याळाच्या पोलादी डबीवर टिकाऊ काळा थर चढवायची विद्या तशी जुनी. एका जाडजूड टाकीत, म्हणजेच भट्टीत, डब्या टांगायच्या आणि आतली हवा उपसून काढायची. मग वेल्डिंगवाले वापरतात तोच अ‍ॅसिटिलीन वायू थोडासा आत सोडून विजेनं त्याच्या चिंधड्या करायच्या. सुटे झालेले कार्बनचे अणू पोलादावर जाऊन बसतात. कार्बन हा मोठा दुटप्पी गडी. पेन्सिलीत मऊ, हिऱ्यात कठीण. या थरात त्याची दोन्ही रूपं एकत्र नांदतात, म्हणून रंग पेन्सिलीचा आणि कणखरपणा हिऱ्याच्या जवळ जाणारा. जाडी केसाच्याही एका बारीक हिश्श्याएवढी, पण किल्ल्यांच्या जुडग्यात दहा वर्षं राहिला तरी ओरखडा नाही. अट एकच. धुतलेल्या डबीला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल राहिलं की तिथं थर धरत नाही, आज ना उद्या पापुद्रा सुटतो. पद्मजाच्या नवऱ्यानं, जिनपाल मगदूमनं, कारखाना काढला तेव्हा पहिली पाटी लावली ती हीच: 'बोट लावू नये.'

पुढं कुणा शास्त्रज्ञांना असं दिसलं की हा थर जरा सैल बसवला तर तो दाब लक्षात ठेवतो. दाब पडला की कार्बनच्या आत वीज जायला एक बारीक वाट तयार होते आणि दाब गेला तरी ती पुरती बुजत नाही. गवतातून रोज चालून पायवाट पडावी तसंच. मनगटावरच्या नाडीचा दाब तो किती, पण दिवसाला लाखभर ठोके, वर्षानुवर्षं. त्यातून त्या माणसाची चाल थरात उमटायची. मग अंगाच्या उबेवर चालणारी एक इवलीशी चकती तीच चाल उलट त्वचेवर टिचक्यांनी वाजवून दाखवायची. ज्याच्या मनगटावर घड्याळ, त्याला आधीच्या माणसाचा ठोका लागायचा.

याची नक्कल करता येत नव्हती असं नाही. पण नक्कल म्हणजे एकाच लयीची टकटक. खरा थर हालचालीसकट शिकलेला असायचा. तुम्ही पळालात तर तो त्या माणसासारखा पळायचा, बसलात तर त्या माणसासारखा निवायचा.

मग काय, लोकांना वेडच लागलं. साखरपुड्यात एकमेकांची वापरलेली घड्याळं द्यायची पद्धत पडली. "शुभकार्यात काळं कशाला?" म्हणून सासवांनी नाकं मुरडली, तर सुनांनी मंगळसूत्रातल्या मण्यांचा रंग विचारला. काडीमोडानंतर थर खरवडून मागणारे आले. बापाच्या घड्याळावरून भावाभावांत जमिनीसारखी भांडणं लागली. आणि माणसं मरायला लागली तेव्हा खरी मेख कळली. गेलेल्याचं घड्याळ घातलं तरच त्याचा ठोका लागतो, आणि घातलं की घालणाऱ्याचा ठोका त्याच वाटेवरून चालायला लागतो. नव्या पायांनी जुनी वाट मोडत जाते. म्हणून अबोला. वर एक अस्सल कडक थर चढवला की नवं काही आत जात नाही. बाहेरही काही येत नाही. पुढंमागं त्या कडक थराखालचंही वाचणारं यंत्र निघेल, एवढीच आशा.

जिनपालला जाऊन वर्ष होत आलं होतं.

रोज सकाळी आंघोळ झाली की पद्मजा कपाटातून त्याचं घड्याळ काढायची आणि चहा होईपर्यंत घालायची. सुरुवातीला फक्त बसून राहायची. ठोका मधोमध लागायचा नाही, जरा करंगळीच्या अंगाला लागायचा. का, ते तिला कधी कळलं नव्हतं. कारखान्यातली बाकीची घड्याळं अशी एका कडेला बोलत नसत.

मग एकदा ते घालूनच ती खाली दूध आणायला गेली. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर घर, आणि लिफ्ट नावाला. परत चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मनगटावरचा ठोका धावायला लागला. अडखळला, पुन्हा धावला. ती पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. जिनपालला धाप लागली होती. शेवटची तीन-चार वर्षं तो याच वळणावर थांबायचा, कठडा धरून. ती वरच्या पायरीवरून बोलायची, "तंबाखू सोडा म्हणून किती वेळा सांगितलं." तो हात वर करून म्हणायचा, "थांब की जरा, पद्मा."

त्यानंतर घरात दूध असलं तरी ती खाली जायला लागली.

आणि मग कधीतरी त्या वळणावर धाप लागेनाशी झाली. ठोका वाढायचा, पण सरळ, निरोगी बाईसारखा. कारखान्यात उघडा थर वाचायचं यंत्र होतं. त्यात घड्याळ ठेवलं की जुनी चाल किती उरली, ते काट्यावर दिसायचं. ती रोज बघायला लागली, तापाचं माणूस घरात असल्यासारखी. काटा हळूहळू खाली येत होता. ती जेवढं त्याच्याजवळ जात होती तेवढा तो पुसला जात होता, आणि पुसणारी तीच होती. हे तिला समजत होतं, तरी सकाळ झाली की हात कपाटाकडं जायचा. घरात दुसरं कोण होतं? रेडिओसुद्धा तिनं बंद केला होता. त्याच्या बडबडीत ठोका नीट लागत नसे.

मुलानं, सन्मतीनं, फोनवर विचारलं तेव्हा तिला खोटं बोलता आलं नाही.

"आई, तू अजून घालतीस ते?"

"थोडा वेळ. चहापुरतं."

"किती उरलंय?"

तिनं चहाखालचा गॅस बारीक केला.

"तू संपवतीयस त्यांना," सन्मती म्हणाला. पुण्यात राहून त्याची भाषा बदलली होती, पण रागावला की सांगलीवर यायची. "तुला ते तीस वर्षं रोज मिळाले. मला काय, दिवाळीचे चार दिवस. माझ्या पोरीला तर आजोबांचा चेहरापण आठवत नाही. जे उरलंय ते बंद कर. मी दसऱ्याला येतोय, माझ्यासमोर कर."

"जेवलास काय?" तिनं विचारलं.

तिनं फोन ठेवला. पोरगं बोललं ते लागलं होतं, आणि खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं होतं. शेवटी तिनं ठरवलं. बंद करायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं जिनपालचं घड्याळ उघडलं, आतलं यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि मोकळी डबी हातात घेतली. अबोला चढवायच्या आधी डबी धुवावी लागते. पट्ट्याच्या खाचांत, मागच्या बाजूच्या कडेला मळ साचला होता. त्याचा घाम, त्याच्या अंगाची धूळ. आजवर शेकडो गिऱ्हाइकांचा असा मळ तिनं बेसिनमधून सोडून दिला होता. आता मात्र हात चालेना.

"मी धुतो, वैनी," तवनाप्पा म्हणाला.

"नको. माझी मी धुते."

पाण्याच्या यंत्रात डबी घरघरली. गढूळ पाणी निघून गेलं. वाळवलेली डबी तिनं भिंगाखाली धरली. तपासणी हे तिचंच काम. कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक डबी तिच्या टेबलावरून जायची. ही तेवढी कधी आली नव्हती. "नमुन्याची डबी आहे, माझ्यासाठी ठेवलीय," एवढंच जिनपाल म्हणाला होता, आणि नवऱ्याच्या मनगटावरची वस्तू कुणी भिंगाखाली धरत नाही.

पाठीमागच्या बाजूला, करंगळीच्या अंगाला, एक डाग होता. मळ गेला म्हणून आता दिसत होता. थर तिथं पोलादाला धरलाच नव्हता. किंचित फुगून सुटा राहिला होता, हलगीवर ताणलेल्या कातड्यासारखा. तिनं भिंग आणखी जवळ आणलं. बारीक बारीक रेषा दिसल्या, वळत गेलेल्या. बोटाचा ठसा होता. रेषांच्या खोबणीत अगदी पुसट लालसर काहीतरी अडकलं होतं, आणि ठशाच्या मधून एक आडवी चीर गेली होती.

पद्मजानं हातमोजा काढला. अनामिका भिंगाखाली डबीच्या शेजारी धरली. वण तसाच होता, तिथंच, तेवढाच.

बारा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. जाणत्या, म्हणजे ठोका लक्षात ठेवणाऱ्या थराची पहिलीच खेप. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची, नवी वस्तू तर सोडायचीच नाही, हे तिला माहेरापासून ठाऊक. ताट घेऊन ती भट्टीच्या खोलीत गेली. टाकीला हळदकुंकू लावलं, पंपाला लावलं, कॉम्प्रेसरला लावलं. टाकीत जायच्या तयारीनं टांगलेल्या धुतलेल्या डब्या समोर चमकत होत्या. त्यातल्या पहिल्या डबीला तिनं ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. भक्तिभावानं टेकवलं. आणि जिनपाल सगळ्या कामगारांसमोर ओरडला, "बोट लावलंस? एवढं शिकवून शेवटी बोट लावलंस?" तिनं ताट तिथंच खाली ठेवलं आणि घरी गेली. पंधरा दिवस अबोला. मग बोलणं सुरू झालं ते तेल संपलं, गॅस संपला या वाटेनं. पण त्यानंतर खंडेनवमीचं ताट ती तवनाप्पाच्या हाती पाठवायची. भट्टीच्या खोलीत ती पूजेला पुन्हा गेली नाही, आणि त्यानं बोलावलंही नाही.

"तवनाप्पा," तिनं हाक मारली. "त्या वर्षी मी बोट लावलेली डबी, तिचं काय केलं होतं?"

तवनाप्पानं भिंगातून बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"मी तर भंगारात टाकायला काढली हुती. मालक म्हणाले, ऱ्हाऊ दे. कुंकू लावलंय, भंगारात कसं टाकायचं? तसाच थर चढवला तिच्यावर. म्हणाले, ही मी घालतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही तवा मालकांशी बोलत न्हवता, वैनी."

"नंतर तरी?"

"नंतर ते इसरले असतील," तवनाप्पा म्हणाला. मग त्याला ते पटलं नाही. "न्हाईतर लाजले असतील. तुम्हाला म्हायतीच की मालक."

तिला माहीत होतं. जन्मभर रागवायला तोंड होतं, बाकी कशाला नव्हतं. पद्मजा तिथंच स्टुलावर बसली आणि रडली. तवनाप्पा पंपाचा आवाज ऐकायला म्हणून पलीकडं गेला. पंप बंद होता.

सन्मती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बिनड्रायव्हरच्या बसनं पुण्याहून आला तो थेट कारखान्यात. टाकी पुसून तयार होती. आईनं त्याला आधी भिंगाशी बसवलं.

"कसला डाग आहे?"

"माझं बोट," ती म्हणाली, आणि जे घडलं ते सगळं सांगितलं.

त्यानं बराच वेळ डोळा काढला नाही. "म्हणून ठोका एका बाजूला लागतो?"

"थर तिथं सुटा आहे ना. सुटा म्हणून हलका, हलका म्हणून सगळ्यात जास्त तिथंच उमटलाय. बाकीच्या डबीवर बघ, फार काही नाहीच."

"मग बंद केलं तर?"

तिनं त्याला गिऱ्हाइकासारखं सरळ सांगितलं. "टाकीत गरम होतं. वरून कडक थर बसला की ही सुटी जागा तडकणार. पापुद्रा निघून येणार. बाकी डबी शंभर वर्षं राहील, फक्त त्यात ते नसतील."

"बोट काढता येत नाही?"

"बोट काढायचं तर थर खरवडायला लागतो."

सन्मती उठून खिडकीशी गेला. बाहेर शेजारच्या कारखान्यात झेंडूच्या माळा बांधायचं चाललं होतं. "म्हणजे राहणार नाहीच," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता.

"नाही."

"मला वाटलं होतं पोरीला देईन मोठी झाल्यावर."

गोड बोलून वेळ मारून न्यायची तिला सवय नव्हती. तिनं यंत्र परत डबीत बसवलं, झाकण घट्ट केलं आणि त्याचा हात ओढून घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं.

"अगं, माझं मिसळेल त्यात."

"मिसळू दे. दोन दिवस आहेस न्हवं?"

उबेला जरा वेळ लागला. मग सन्मतीचा चेहरा बदलला. लहानपणी ताप आला की दिसायचा तसा दिसायला लागला. त्यानं दुसऱ्या हातानं घड्याळ झाकून घेतलं आणि खाली मान घातली.

"लागतंय?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

त्या खंडेनवमीला बारा वर्षांनी पद्मजानं स्वतःच्या हातानं भट्टीच्या खोलीत पूजा केली. टाकीला कुंकू लावलं, पंपाला लावलं. ती वळायच्या आत तवनाप्पानं टांगलेल्या डब्यांचा गाडा मागं सरकवला होता. अनुभव दांडगा. ती हसली, बऱ्याच महिन्यांनी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सन्मतीनं बसथांब्यावर घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. "तूच घाल," तो म्हणाला. "चहापुरतं नको. घालूनच राहा." आणखी काही बोलायचं होतं त्याला. पण पोरगं बापाच्या वळणावर गेलेलं. दार लागलं आणि बस गेली.

पद्मजा कारखान्यात परतली. मास्तरांच्या बायकोचं घड्याळ टाकीतून निघालं होतं. चकचकीत, काळंकुट्ट, मुकं. तिनं ते तपासलं आणि खोक्यात भरून ठेवलं. टेबलावर थर वाचायचं यंत्र उघडं होतं. तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं नाही. यंत्रावर कापड टाकलं आणि पिशवी घेतली.

विश्रामबागेत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. घरी जेवायला एकटीच, म्हणून भाजीसुद्धा एका माणसाची घेतली होती. ती जिना चढायला लागली. पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणाकडं येता येता मनगटावर, करंगळीच्या अंगाला, ठोका वाढला. तिची छातीही वरखाली होत होती. बासष्टावं चाललं होतं, आणि दिवसभराची दगदग. धाप तिला लागली होती की त्याला, की दोन दिवसांच्या सन्मतीनं काही भर घातली होती, ते सांगणारं यंत्र कुपवाडला कापडाखाली होतं.

ती वरच्या पायरीवर गेली नाही. त्याच वळणावर कठड्याला टेकून उभी राहिली आणि मनगटावर दुसरा हात ठेवला.

"थांबलेय," ती म्हणाली. "घाई नाही."